पावसाळ्यात टिश्यू-डोपचा पंख पांढरट पडला आणि पिळला, आता काय करावे?

सागरगड:
नमस्कार. अलिबागला घरीच बाल्साच्या हलक्या लाकडाचे मॉडेल ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) बांधत आहे; पंखविस्तार १५० सेंटिमीटर. जुलैमध्ये टिश्यूवर (पंखावर चढवलेल्या पातळ कागदावर) नायट्रेट डोपचे, म्हणजे कागद ताणून घट्ट करणाऱ्या लॅकरचे, हात दिले, तेव्हा पृष्ठभागावर पांढरट ढग उमटले आणि वाळल्यावर डाव्या पंखाच्या टोकाची मागची कड सुमारे ५ मिलिमीटर खाली वळली. त्यात भर म्हणजे कपाटावरून पडून उजव्या पंखाचा खालचा ६ मिलिमीटरचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य पट्टी) तिसऱ्या रिबजवळ (आडव्या फासळीजवळ) तडकला आहे. सगळे आवरण काढून प्लास्टिकची फिल्म लावावी, की आहे तेच दुरुस्त होईल? स्पारला फेव्हिक्विक पुरेल का?

लाकूडकाम:
आधी स्पारचे पाहू, कारण ते काम पावसातही करता येते. फेव्हिक्विकचा जोड ठिसूळ असतो आणि तडा गेलेल्या कडा एकमेकींना नीट टेकत नसतील तर तो भरवशाचा राहत नाही. तडकलेल्या भागावरची टिश्यू दोन रिबांच्या मधोमध न कापता रिबांच्या कडेवरच कापावी, म्हणजे नवा तुकडा चिकटवायला आधार मिळतो. तडकलेला भाग काढून टाकावा आणि त्याच जाडीची, त्याच वजनाची बाल्सा पट्टी दोन्ही टोकांना तिरप्या जोडाने बसवावी. तिरप्या जोडाची लांबी स्पारच्या जाडीच्या निदान दहापट, म्हणजे तुमच्या बाबतीत ६० मिलिमीटर, असावी. पांढरा फेव्हिकॉल चालेल, मात्र वाळलेला फेव्हिकॉल पॉलिश पेपरखाली रबरासारखा गोळा होतो, म्हणून बाहेर आलेला ओला असतानाच पुसावा. वरच्या आणि खालच्या स्पारमध्ये दीड मिलिमीटर बाल्साचे पडदे (उभे पातळ तुकडे) तंतू उभे ठेवून लावल्यास ही जागा पूर्वीपेक्षा भक्कम होईल. फक्त ते पडदे एकाच रिबपाशी एकदम थांबवू नयेत, पुढच्या कप्प्यात निमुळते करत न्यावेत. नाहीतर पुढचा तडा बरोबर तिथेच जातो.

एअरविंग:
पांढरटपणा म्हणजे डोप खराब असल्याची खूण नव्हे. डोपमधले थिनर (तो पातळ करणारे द्रव) झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि सेल्युलोज पांढरे होऊन बाहेर पडते. ऑक्टोबर हीट सुरू झाली की एखाद्या कोरड्या दुपारी हळू उडणारे, म्हणजे रिटार्डर असलेले, थिनर ब्रशने दोन्ही बाजूंना एकसारखे लावावे. जुना डोप पुन्हा विरघळतो आणि ढग जातात.

पिळाचा बंदोबस्तही याच वेळी होतो, म्हणून तो वेगळा करू नये असे माझे मत आहे. डोप मऊ असतानाच पंख सपाट फळीवर टाचण्यांनी बसवून टोकाच्या मागच्या कडेखाली ३ मिलिमीटरची पट्टी सरकवावी आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवावा. दोन्ही पंखांच्या टोकांना मागची कड सारखीच किंचित वर हवी. सध्याच्या अवस्थेत डावे टोक आधी स्टॉल होऊन (म्हणजे त्याची उचल हरवून) ग्लायडर त्याच बाजूला कोसळेल. यानंतरही थोडा पीळ उरला तर किटलीच्या वाफेवर धरून उलट्या दिशेने गरजेपेक्षा थोडा जास्त पिळावा आणि गार होईपर्यंत सोडू नये. नायट्रेट डोप भयंकर ज्वालाग्राही असल्याने डबा आणि ओला पंख गॅसच्या आसपासही नेऊ नयेत.

पतंगकर:
किनाऱ्यावर राहणाऱ्याने टिश्यूचा हट्ट का धरावा, हे मला समजत नाही. दमट हवेत टिश्यू ढिली पडते आणि कोरड्या हवेत पुन्हा ताणते. इस्त्रीने लावायची फिल्म या दोन्हीपासून बरीच सुटलेली आहे, आणि ठिगळ लावणे तर दहा मिनिटांचे काम आहे.

एअरविंग:
मुद्दा रास्त आहे, पण साधी फिल्म प्रति चौरस मीटर ६० ते ७० ग्रॅम भरते. पंखाच्या दोन्ही बाजूंचे मिळून अर्धा चौरस मीटर धरले तरी ३० ते ३५ ग्रॅम झाले. शिवाय डोप दिलेल्या टिश्यूमुळे उघड्या रिबांच्या पंखाला जो ताठपणा येतो तो फिल्मने येत नाही. आराखडा टिश्यूसाठी काढलेला असेल तर फिल्म लावल्यावर पंख हातात घेऊन पिळून पाहा, फरक लगेच कळेल. इंजिनाच्या विमानावर मीही फिल्मच लावतो.

सागरगड:
टिश्यूच ठेवतो आणि स्पार या आठवड्यात करतो. नव्या तुकड्याचे तंतू कोणत्या दिशेला असावेत, आणि तो पुढे फार ताणू नये म्हणून काही करता येते का?

लाकूडकाम:
तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवावेत. कागद ज्या दिशेला सरळ फाटतो तीच तंतूंची दिशा. आडव्या दिशेला तो जास्त आकसतो, म्हणून असे लावले की रिबांच्या मध्ये खळगे कमी पडतात. शेवटच्या हाताच्या डोपमध्ये १०० मिलिलिटरमागे दोन-तीन मिलिलिटर एरंडेल घालावे, म्हणजे तो लवचीक राहतो. एरंडेल जास्त झाले तर मात्र पृष्ठभाग चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसत राहते.