४५च्या वेगाचं काय एवढं?

'मर्यादित आवृत्ती म्हणजे संग्राहकांच्या खिशाला कात्री' असं म्हणतात आणि ते बरेचदा खरंही असतं, पण रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'इन रेनबोज' या अल्बमला ते लागू होत नाही. 10 ऑक्टोबर 2007 ला तो 'हवे तेवढे पैसे द्या' म्हणून डाउनलोडला आला. त्याच वेळी 40 पौंडांच्या 'डिस्कबॉक्स' या खास संचाची नोंदणी सुरू होती आणि तो संच डिसेंबरात घरपोच आला. आत दोन रेकॉर्डी, अल्बमची सीडी, आणखी आठ ट्रॅकची दुसरी सीडी आणि बँडचा नेहमीचा चित्रकार स्टॅन्ली डॉनवुडची चित्रं.

खरी गंमत रेकॉर्डच्या वेगात आहे. नेहमीची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ मात्र जेमतेम 21. तेवढ्याच जागेत सगळा आवाज कोंबायचा, म्हणून बाजू संपता संपता झांजा, 'स'चे उच्चार फाटायला लागतात. डिस्कबॉक्समधल्या रेकॉर्डी मिनिटाला 45 फेऱ्यांच्या आहेत, म्हणजे तेवढ्याच वेळात सुईखालून जास्त खाच सरकते. 42 मिनिटांचा अल्बम चार बाजूंवर पसरलाय, दर बाजूला दोन-तीन गाणी. खाचेला ऐसपैस जागा मिळते.

मित्राकडे अल्बममधलं शेवटचं गाणं 'व्हिडिओटेप' ऐकलं. पियानोचा एकेक सूर विरेपर्यंत स्वच्छ, मागचा ताल अगदी कानाजवळ. दर दहा मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागते, पण मला तेही आवडलं. ऐकायला बसलं की ऐकणंच होतं.

घेणार असाल तर रेकॉर्डी आधी उजेडात तिरक्या धरून ओरखडे बघा. खोका कितीही कोरा दिसू दे.