मैत्रिणीच्या बाळाचं कौतुक ऐकवत नाही, काय करू?

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. माझी आणि शाळेपासूनच्या मैत्रिणीची डिलिव्हरी पंधरा दिवसांच्या फरकाने झाली. प्रेग्नन्सीत रोज फोन, सोबत आहे म्हणून केवढा आधार वाटायचा. आता तिची मुलगी दहाव्या महिन्यातच चालायला लागली आणि माझा चौदा महिन्यांचा झाला तरी सोफा धरूनच चालतो, हात सोडला की मटकन बसतो.

डॉक्टर म्हणाले नॉर्मल आहे. मीही वाचलंय, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात आधाराशिवाय चालायचं वय ८.२ ते १७.६ महिने दिलंय, काही मुलं तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत तरी चालतात. सगळं पाठ झालंय. तरी तिचा व्हिडिओ आला की पोटात खड्डा पडतो, हार्ट पाठवते आणि फोन ठेवून मुलाला उभं करायला जाते, तो आपल्या नादात खेळत असतो बिचारा, तो रडतो मग मीही रडते.

आता जे सांगायची लाज वाटतेय ते. मागच्या आठवड्यात रात्री तिचा फोन आला, रडत होती, मुलगी पाच-सहा वेळा उठते, घरात दुसरं कुणी उठत नाही. आणि मला क्षणभर बरं वाटलं. माझा रात्रभर झोपतो हे मी मुद्दाम सांगितलं, तिने विचारलंही नव्हतं. ती गप्प झाली, मग म्हणाली नशीबवान आहेस. मी अशी नव्हते गं.

तिला म्यूट करू का? की व्हिडिओ पाठवू नको सांगू? यातून गेलेल्यांनी प्लीज सांगा. फक्त 'तुलना करू नकोस' म्हणू नका, ते मी रोज स्वतःला सांगते.

प्रतिसाद: माझी मुलगी आणि जावेचा मुलगा एकाच वयाचे, एकाच घरात, म्यूट करायची सोयच नव्हती. तो लवकर बोलतो याचा हेवा वाटतो असं मी समजत होते, पण झोंबायचं ते आलेगेले 'ही अजून बोलत नाही का' विचारायचे ते. जावेला एकदा हे बोलले, दोन दिवस ती नीट बोलली नाही, नंतर मात्र कुणी आलं की विषय तीच बदलायची. तुला नक्की काय झोंबतं ते शोध. व्हिडिओचं नंतर बघ, आधी त्या रात्रीचं बोल, 'तू रडत होतीस आणि मी माझंच सांगत बसले, चुकलं माझं' एवढं पुरे. बाळ दीड वर्षापर्यंत चाललं नाही तर परत दाखव. आणि तुला रोजच रडू येत असेल तर स्वतःसाठीही डॉक्टरांशी बोल, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन वर्ष उलटलं तरी राहू शकतं.

धागाकर्ती: ताई, थँक्यू. आत्ता फोन केला तिला, उचलला नाही, मुलीला झोपवत असेल. मेसेज टाकून ठेवलाय, तुम्ही सांगितलं तेवढाच.