टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण, तरी कोड लिहिताना बोटे का अडखळतात?

कृष्णाकाठ (सांगली):
मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विश्रामबागेतील एका संस्थेत सराव करून शासनाची इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाची संगणक टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण झालो असल्याने साधा मजकूर कीबोर्डकडे न पाहता टाइप होतो. मात्र जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत साधे फॉर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारा कोड) लिहितानाही नजर खाली जाते, महिरपी कंसाऐवजी { चौकटी कंस [ उमटतो आणि निम्मा वेळ बॅकस्पेस दाबण्यात जातो. कोणता सराव करावा?

अजिंक्यतारा (सातारा):
राजवाड्याजवळच्या क्लासात मी ‘एएसडीएफ’ गिरवले, त्या खडखडणाऱ्या टाइपरायटरवर महिरपी कंसाची कीच नव्हती. संगणकावरील परीक्षेतही वेग गद्य उताऱ्यावरच मोजतात आणि पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात, त्यामुळे त्या ४० मध्ये चिन्हांचा हिशेब फारसा येत नाही. कोडमध्ये मात्र अर्धविराम, अवतरणचिन्हे, कंस आणि एंटर असा सगळा भार एकट्या उजव्या करंगळीवर पडतो. महिरपी आणि चौकटी कंस एकाच कीवर असल्याने शिफ्ट उशिरा दाबली किंवा लवकर सोडली की आपण म्हणता तेच घडते. आपण बहुधा उजवीकडची शिफ्ट वापरत असाल. तसे असेल तर कंसासाठी डाव्या करंगळीने डावी शिफ्ट आधी दाबा आणि कंस पडेपर्यंत सोडू नका. स्वतःच्याच जुन्या प्रोग्रॅममधील वीस ओळी रोज दहा मिनिटे, चूक होणार नाही इतक्या सावकाश उतरवा. घड्याळ लावू नका. घाईत केलेली चूकच बोटांच्या अंगवळणी पडते.

मिरज जंक्शन (मिरज):
सराव हवाच, पण एडिटरची, म्हणजे कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची, मदत नाकारण्यात काय हशील? व्हीएस कोड या एडिटरमध्ये उघडा कंस टाइप करताच बंद कंस आपोआप येतो आणि सवयीने आपण तो पुन्हा टाइप केला तरी दुबार उमटत नाही, कर्सर फक्त पुढे सरकतो. विंडोजवर कंट्रोल आणि बॅकस्पेस एकत्र दाबल्यास अख्खा शब्द पुसला जातो. व्हेरिएबलचे नाव सर्वत्र बदलायचे असल्यास एफ २ आहेच.

कृष्णाकाठ (सांगली):
दोघांचेही आभार. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कंस आपोआप न भरणारे साधे नोटपॅडच वापरावे लागते, त्यामुळे आधी सराव सुरू केला. अजिंक्यतारा यांचा अंदाज अचूक निघाला: मी उजवीच शिफ्ट दाबत होतो आणि त्याच हाताची करंगळी कंसापर्यंत ताणत होतो. आठवडाभरात महिरपी कंस बराच सुधारला आहे. स्थिरांकांच्या (न बदलणाऱ्या मूल्यांच्या) नावांत मात्र अजून गाडी अडते, कारण ती मोठ्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये अधोरेषा (_) देऊन लिहितात, आणि कॅप्स लॉक लावूनही प्रत्येक अधोरेषेला शिफ्ट दाबावीच लागते.

अजिंक्यतारा (सातारा):
तिथेही डावीच शिफ्ट. सरावाच्या वीस ओळींत चार-पाच स्थिरांक मुद्दाम घाला.