मदत हवी आहे: रात्री बारापर्यंत पैसे भरायचेत, जर्नल केअरमध्ये (विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीत) आहे का कसं बघायचं?

केगाव_ते_नवीपेठ
पेपर ॲक्सेप्ट झाल्याचं लेटर आलंय. आज रात्री बारापर्यंत 2,500 रुपये भरले नाहीत तर या अंकात घेणार नाही म्हणतात. साइटवर ‘यूजीसी केअर लिस्टेड’ मोठ्या अक्षरात आहे, आयएसएसएन (जर्नलचा ओळख नंबर) पण आहे. गाइड मॅडमना केअरचाच पेपर पाहिजे. भरू का नको एवढंच सांगा. लेक्चर नको.

होटगी_रोड
कुठलं जर्नल? विषय काय? पाठवला कधी? काहीच न सांगता भरू का नको कोण सांगणार?

केगाव_ते_नवीपेठ
परवा पाठवला. नाव इथं टाकत नाही. विषय सोलापूरच्या विडी कामगार महिला.

होटगी_रोड
परवा पाठवला आणि आज ॲक्सेप्ट? वाचला कुणी? रिव्ह्यू रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

केगाव_ते_नवीपेठ
टिकमार्कचा तक्ता आहे. ओरिजिनॅलिटी एक्सलंट, लँग्वेज एक्सलंट, खाली ‘पब्लिश ॲज इट इज’. माझा पेपर मराठीत, रिपोर्ट इंग्रजीत. शीर्षकात विडीचं ‘व्हिडिओ’ झालंय. टायपिंग मिस्टेक असेल.

पार्क_चौक
विडीवाल्या मावश्या यूट्यूबर झाल्या की ओ! 😂

गणितवाले_सर
पैसे मागितले की बोगस. विषय संपला.

होटगी_रोड
सर, असं सरसकट नसतं. चांगली ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणारी) जर्नल्सही फी घेतात, पण ती साइटवर आधीच लिहिलेली असते आणि पेपर खरंच तपासला जातो. फुकट छापणारीही बोगस असतात. आणि आयएसएसएन हा नुसता नंबर आहे, दर्जाचा शिक्का नाही.

गणितवाले_सर
मी आयुष्यात एक रुपया दिला नाही. पेपर सगळे छापून आले.

होटगी_रोड
तुमचा काळ वेगळा होता सर. आता प्रमोशनला आर्ट्सच्या माणसाला एका पेपरचे 10 गुण आहेत. म्हणून तर ही दुकानं चालतात. 2018 च्या मे महिन्यात यूजीसीनं स्वतःच्याच यादीतून 4,305 जर्नल्स काढली होती.

बार्शीकर
जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालाची यादी बघा, त्यात सगळी चोर जर्नल्स आहेत.

होटगी_रोड
बील यांनी ती यादी जानेवारी 2017 मध्येच काढून टाकली. आता फिरतात त्या कुणीतरी ठेवलेल्या नकला.

जुनी_मिल
मूळ प्रश्न राहिला बाजूला. केअर यादी यूजीसीनं फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. आता ‘केअर लिस्टेड’ म्हणून पैसे मागणारा जुनी पाटी दाखवतोय. शिवाय जर्नल क्लोन असू शकतं. पानिपतच्या चादरीला ‘सोलापुरी’ लेबल लावून विकतात ना, तसं खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून नवी साइट काढतात. आयएसएसएन पोर्टलवर नंबर टाका, नाव आणि वेबसाइटचा पत्ता जुळतो का बघा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला थेट फोन करा. बऱ्याचदा त्यांना पत्ताच नसतो.

पार्क_चौक
जीआय टॅग असून पण नकली चादरी विकतात राव. खरी कुठं मिळेल? बहिणीच्या लग्नात आहेराला पाहिजेत.

जुनी_मिल
चाटी गल्लीत बघा. पण वेगळा धागा काढा.

शोधछात्र
प्लॅगॅरिझम (दुसऱ्याचा मजकूर उचलणं) 10 टक्क्यांच्या आत ठेवा. यूजीसीच्या 2018 च्या नियमात तेवढ्याला शिक्षा नाही.

केगाव_ते_नवीपेठ
ते कुणी विचारलं? साहेब, बारा वाजायला आलेत. मॅडमना पेपर दाखवला नाही तर सबमिशन अडेल.

जुनी_मिल
पैसे कुणाच्या खात्यावर मागितलेत? आणि पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन कोणत्या साली?

केगाव_ते_नवीपेठ
यूपीआयवर, कुणातरी माणसाच्या नावानं. रजिस्ट्रेशन 2021.

जुनी_मिल
हे पहिल्यांदाच सांगायचं होतं. 2022 च्या नियमात यूजीसीनं सबमिशनआधीच्या पेपरची सक्ती काढली, पण तुम्ही आधीचे, म्हणजे 2016 चे नियम लागू. त्यात रेफरीड (तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या) जर्नलमध्ये एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं लागतात. आता कोणतं जर्नल चालेल ते विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला लेखी विचारा आणि उत्तर मॅडमना दाखवा. पैसे भरू नका.

होटगी_रोड
कॉपीराइट फॉर्म सही करून पाठवलाय का? पाठवला असेल तर आत्ताच मेल टाका: ‘पेपर मागे घेत आहे, छापू नये.’ मेल जपून ठेवा. त्यांनी तसाच अपलोड केला तर तोच पेपर दुसरीकडे देता येणार नाही.

केगाव_ते_नवीपेठ
फॉर्म पाठवलाय. मेल टाकला, लगेच उत्तर आलं: विड्रॉल फी 3,000.

गणितवाले_सर
बघा! मी काय म्हणत होतो?

बार्शीकर
त्या जर्नलची लिंक मला व्यक्तिगत निरोपात पाठवा ना. माझं प्रमोशन अडलंय.

जुनी_मिल
बार्शीकर, वरचं वाचलंत का काही? केगाव, तेही भरू नका. उत्तराचा स्क्रीनशॉट आणि तो व्हिडिओवाला रिपोर्ट उद्या मॅडमना दाखवा.