टी.ओ.के. कुठून ऐकायला सुरुवात करू? आणि डान्सहॉलमध्ये असे ग्रुप इतके कमी का?

ठेका_पकड

मंडळी, डान्सहॉल म्हणजे जमैकातलं, रेगेतून निघालेलं नाचायचं संगीत, त्यातलं शॉन पॉलचं गेट बिझी मी शेकडो वेळा ऐकलंय, पण त्याच्याखालचा तो टाळ्यांचा ठेका एकट्या त्याचा नाहीच हे मला गेल्या महिन्यात कळलं. त्याला दिवाली रिद्दिम म्हणतात, लेंकी मार्सडेनने बनवलेला, आणि त्याच ठेक्यावर वेन वंडरचं नो लेटिंग गो आहे, बाउंटी किलरचं वेगळं आहे, आणखी बऱ्याच जणांची आहेत. एकामागून एक लावत गेलो तर मधे टी.ओ.के. या जमैकाच्या चौघांच्या ग्रुपचं गलांग गॅल लागलं आणि मी थांबलोच. बाकी सगळीकडे एकच माणूस बोलतोय आणि इथे अचानक चार आवाज, एक वर गातोय, दोघं धडाधड बोलतायत आणि खालून कोणीतरी एकदम जाड आवाजात. तीच धून आतापर्यंत दहा वेळा ऐकली होती तरी नवीन वाटली.

तर प्रश्न दोन. एक म्हणजे यांचं कुठून ऐकू, अल्बमपासून का सुट्या गाण्यांपासून? आणि दुसरं, डान्सहॉल म्हटलं की सगळी नावं एकेकट्या माणसांचीच का, चौघांचा ग्रुप टिकवणं तिथे एवढं अवघड का आहे? शिवाय एक जण नंतर सोडून गेला असं वाचलं, ते काय झालं?

सात_इंची

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण त्यात पहिल्याचं उत्तर आहे.

जमैकात ग्रुप नव्हते असं अजिबात नाही, उलट रेगेचा पायाच तीन-तीन जणांच्या गाण्यावर आहे, वेलर्स, हेप्टोन्स, मायटी डायमंड्स, कल्चर. ट्रेंचटाउनमध्ये जो हिग्ज पोरांना समोर बसवून हार्मनी शिकवायचा, बॉब मार्ली आणि त्याचे सोबती त्याच्याकडेच घडले. पण डान्सहॉलचा जन्म साउंड सिस्टीमवर झाला, म्हणजे मोठे स्पीकर लावून रेकॉर्डवर चालणाऱ्या नाचात. सेलेक्टर प्लेट लावणार आणि डीजे माइक धरून त्यावर बोलणार (तिकडे डीजे म्हणजे बोलणारा, रेकॉर्ड लावणारा नाही, हा घोळ सुरुवातीला सगळ्यांचाच होतो). माइक एक, माणूस एक. १९८५ ला स्लेंग टेंग हा रिद्दिम आला, किंग जॅमीच्या स्टुडिओत एका छोट्या कॅसिओ कीबोर्डच्या ठेक्यावरून, आणि त्यानंतर तर बॅन्डचीही गरज उरली नाही. निर्माता एक रिद्दिम बनवतो, वीस जणांना बोलावतो, ज्याचं त्याचं गाणं त्यावर रेकॉर्ड होतं, सात इंची प्लेट निघते. अशा धंद्यात चौघांनी मिळून एक गाणं करायचं म्हणजे जे काही मिळेल त्याचे चार वाटे, आणि स्टेजवर यायला मिळतात ती थोडी मिनिटं, त्यात चार माइक.

नव्वदच्या दशकात तरीही ग्रुप आले. बाउंटी किलरच्या छत्राखालचा स्केअर डेम क्रू होता, एलिफंट मॅन त्यातलाच, पण तो चार डीजेंचा जथ्था होता, प्रत्येक जण आपापला तुकडा बोलायचा आणि बाजूला व्हायचा. मग एलिफंट मॅन एकटा मोठा झाला. वॉर्ड २१ वाले तर स्वतःच रिद्दिम बनवणारे. टी.ओ.के. यांच्यात वेगळे कारण ते सुरुवातीपासून गाणारे होते. अ‍ॅलेक्स, बे-सी, क्रेगी टी आणि फ्लेक्स, किंग्स्टनमधले शाळेच्या वयातले दोस्त, आणि आधी अमेरिकन आर अँड बी ची गाणी हार्मनीत म्हणायचे. टच ऑफ क्लास (क्लास मुद्दाम 'के' ने लिहिलेलं) यावरून ते टी.ओ.के. नाव पडलेलं. म्हणजे आधी गळा तयार झाला आणि डीजेगिरी नंतर वर चढवली, बाकीच्यांचं बरोबर उलटं. तुम्हाला गलांग गॅलमध्ये जे ऐकू आलं ना ते हेच. अ‍ॅलेक्स वरचा सूर धरतो, क्रेगी टी आणि फ्लेक्स शब्द फेकतात, आणि बे-सीचा आवाज ऐकलात की स्पीकरमधून नाही जमिनीतून येतोय असं वाटतं.

म्हणून सांगतो, अल्बमपासून सुरुवात करू नका. हे मुळात सुट्या गाण्यांचे लोक आहेत, अल्बम म्हणजे बऱ्यापैकी आधी गाजलेल्या सिंगल्सची मोट. लेडी सॉ या बाई डीजेबरोबरचं हार्डकोअर लव्हर ऐका आधी, मग ईगल्स क्राय, मग मनी टू बर्न, मग गॅल यू अ लीड. आणि प्रत्येक गाणं त्याच्या रिद्दिमवरच्या बाकीच्या गाण्यांमधे बसवून ऐका, जगलिंग करतात तसं, म्हणजे ठेका न तोडता एकामागून एक. एकट्याने लावलं तर निम्मं हरवतं. दिवालीवर तुम्ही नकळत तेच केलंत.

निळा_स्पीकर

दादांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट राहिली, आणि नवीन माणसाला ती आधी सांगायला हवी. यांचं तिथलं सगळ्यात गाजलेलं गाणं चि चि मॅन आहे आणि ते समलिंगी लोकांना जाळण्याबद्दल आहे. चाल अशी आहे की एकदा ऐकली की दिवसभर डोक्यात राहते, हार्मनी सुंदर, आणि शब्द कळले की घास घशात अडकतो. मी पहिल्यांदा पॅट्वा, म्हणजे जमैकाची बोली, न कळता ऐकलं होतं, आठवडाभर गुणगुणत होते, मग अर्थ वाचला आणि मला स्वतःचीच भीती वाटली की एवढ्या गोड चालीतून काय काय आत शिरू शकतं.

ते नुसतं नाचायचं गाणं पण राहिलं नाही. २००१ च्या आसपास जमैका लेबर पार्टीने ते प्रचारात वाजवलं, म्हणजे प्रतिस्पर्धी पक्षाच्या नेत्याकडे बोट दाखवायला. मग २००२ च्या निवडणुकीत पीपल्स नॅशनल पार्टीने लॉग ऑन टू प्रोग्रेस अशी घोषणा घेतली, ती एलिफंट मॅनच्या लॉग ऑनवरून, आणि त्या गाण्यातही तेच विष आहे. दोन्ही पक्षांच्या सभेत तेच. पुढे ब्रिटनमध्ये आउटरेज सारख्या समलिंगी हक्कांच्या संघटनांनी अशा गाण्यांविरुद्ध मोहीम चालवली, कित्येक डान्सहॉल कलाकारांचे युरोपातले कार्यक्रम रद्द झाले.

तेव्हाचं वातावरणच तसं होतं असं काही जण म्हणतात. वातावरण होतंच, पण ते वातावरण याच गाण्यांनीही बनवलं ना. मी टी.ओ.के. ऐकते, प्रेमाने ऐकते, पण ते एक गाणं मी लावत नाही आणि कोणाला त्यांची ओळख करून देताना ते लपवतही नाही.

सात_इंची

ताई, बरोबर आहे तुमचं. मी यादीतून ते गाणं गाळलं आणि का गाळलं हे लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

पहाटेचा_श्रोता

फुटप्रिंट्सचं नाव अजून कोणी घेतलं नाही, ते कसं काय?

२००५ चं अननोन लँग्वेज, त्यातलं हे गाणं. निर्माता डॉन कॉर्लिऑनच्या ड्रॉप लीफ रिद्दिमवर आहे, जाह क्युअरचं लाँगिंग फॉर पण त्याच रिद्दिमवरचं. डान्सहॉल म्हणून जी धडधड डोक्यात असते ती यात नाही, गिटारच्या तारा हळू छेडल्यासारख्या आणि ठेका मागे मागे चालणारा. वाळूतल्या पावलांची ती भक्तिपर गोष्ट आहे ना, दोन ऐवजी एकाच माणसाची पावलं का दिसतात तर देवाने तेव्हा उचलून घेतलं होतं, तिच्यावर बेतलेलं, आणि आहे ते हिंसेत गेलेल्या माणसांच्या घरच्यांबद्दल. त्या वर्षी जमैकात १६७४ खून झाले, देशाची लोकसंख्या जेमतेम सत्तावीस लाख. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ओळखीतलं कोणीतरी गेलेलं असणार, तिथे हे गाणं लोकांनी कसं धरून ठेवलं असेल ते सांगायची गरज नाही.

माझे वडील गेले त्यानंतर काही महिने मी गाणी ऐकणंच सोडलं होतं. एका पहाटे झोप येईना म्हणून हेडफोन लावले आणि हे लागलं, मला शब्द अर्धेच कळत होते, पण अ‍ॅलेक्स एकटा गातो आणि मग बाकीचे तिघं त्याच्या मागे येऊन उभे राहतात, उभे राहतात असंच वाटतं, तिथे मला रडू आलं. हे एकट्या गायकाने गायलं असतं तर शोक झाला असता. चौघं गातात म्हणून कोणीतरी सोबत बसलंय असं वाटतं. ठेका_पकड, तुम्ही विचारलंत ना ग्रुप कशाला, माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

सात_इंची

सोडून गेला त्याबद्दल राहिलं. पहिला अल्बम माय क्रू माय डॉग्ज २००१ चा, मग अननोन लँग्वेज, मग २००९ ला अवर वर्ल्ड, तिन्ही व्हीपी रेकॉर्ड्स या लेबलचे. आणि २०१५ ला बे-सी बाहेर पडला. तो आधीपासून बॉम्बरश रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल चालवायचा, निर्मितीत रस होता. वीसेक वर्षं चार जण एकत्र राहिले त्या धंद्यात, हेच मला मोठं वाटतं, तिथे तर एक रिद्दिम जुना व्हायला काही महिने पुरतात. पण कानाला खरं सांगायचं तर खालचा मजला गेला. बाकीच्या तिघांत कोणी कमी नाही, पण तो आवाज कोणाकडेच नाही.

ठेका_पकड

सगळ्यांचे खूप आभार, दोन रात्री हेच करतोय. चि चि मॅनबद्दल आधी कळलं ते बरं झालं, शब्द नुसते वाचले आणि ऐकलं नाही.

लाँगिंग फॉर आधी लावलं आणि लगेच फुटप्रिंट्स, दादांनी सांगितलं तसं ठेका न तोडता. तीच गिटार, तोच ठेका, जाह क्युअर एकटा तळमळतोय आणि मग तिथेच ते चौघं येतात. पहाटेचा_श्रोता, तुम्ही लिहिलेली ती जागा मला पहिल्यांदा सापडली नाही, दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं तेव्हा सापडली. आता हार्डकोअर लव्हर लावतोय, लेडी सॉ नंतर चर्चकडे वळली असं वाचलं आत्ताच, तिचं आधीचं अजून काय ऐकू?