शेजारचा टाळ

गावात ख्रिस्ती घर एखादंच असेल तर एकटं पडल्यासारखं होत नाही का, असं तुम्ही विचारलंत. आमचा साताऱ्यातला अनुभव तसा नाही. आजी रोज दिवेलागणीला टाळ घेऊन बसायची, अभंगाच्या चालीवर येशूचं भजन म्हणायची. शेजारच्या काकू पक्क्या माळकरी, पण ओट्यावर मेथी निवडता निवडता ठेका धरायच्या.

ही वाट ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी रुळवलेली. १८९५मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला येऊन राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मला हे फार जवळचं वाटतं.

वडील गेले तेव्हा चर्चच्या मंडळीतले लोक प्रार्थनेला आले, धीर दिला. काकूंनी तीन दिवस आमची चूल पेटू दिली नाही, पिठलं-भाकरी त्यांच्याकडूनच यायची. त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटेना. देवावर रागच होता म्हणा ना. एका संध्याकाळी काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं, घर किती मुकं झालंय तुमचं." आणि कोनाड्यातला आजीचा टाळ त्यांनीच काढून माझ्या हातात दिला.