मांडीतून अँजिओग्राफी झाल्यावर कंबर धरते, काय करावं?

प्रश्न: पाय सरळ ठेवून पेशंट कळवळतात. कूस बदलू द्यावी का?

उत्तर १: डॉक्टरांना विचारून डोक्याकडची बाजू ३० अंशांपर्यंत उचला, कमरेखाली पातळ घडी द्या. गुडघा मात्र वाकवू देऊ नका. खोकला आला की ड्रेसिंगवर तळहात दाबून धरायला शिकवा. लघवी तुंबली तरी पेशंट तळमळतो, ओटीपोट चाचपा.

उत्तर २: नुसतं ड्रेसिंग बघू नका, मांडीखाली हात घाला, रक्त मागे ओघळतं. पहिला तास दर १५ मिनिटांनी बीपी आणि पावलाची नाडी. रक्त आलं तर छिद्राच्या दोन बोटं वर घट्ट दाबा, हाक मारा.

उत्तर ३: कंबरदुखीसोबत घाम, बीपी घसरलेलं? पोटामागे रक्तस्राव असू शकतो. वेदनाशामक देऊन थांबू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.